टोकियोत लहान मुलांना घेऊन दिवसभर बाहेर पडायचं असेल तर

नवीन आलेली कुटुंबं पहिल्याच वीकेंडला सकाळी असाकुसा, दुपारी स्कायट्री आणि संध्याकाळी शिबुया असा बेत करतात आणि संध्याकाळपर्यंत मुलं रडकुंडीला, आई-बाबा वैतागलेले. माझं ठाम मत आहे की मुलं लहान असतील तर एका दिवसात एकच जागा करायची, आणि ती ठरवताना बघायला काय आहे हे नंतर, आधी लिफ्ट कुठे, टॉयलेट कुठे आणि डबा उघडून निवांत बसता येईल का हे बघायचं.

आधी ट्रेनच्या कार्डाचं उरकून टाका. शाळेत न जाणारी मुलं ट्रेनमध्ये फुकट, पण भाडं भरणाऱ्या एका माणसामागे दोनच, तिसऱ्याचं अर्धं भाडं पडतं. पहिलीत गेली की अर्धं भाडं सुरू, मग मुलांचं वेगळं सुइका किंवा पास्मो (गेटवर टेकवायचं पैसे भरलेलं ट्रेनचं कार्ड) काढायचं, ते मुलाच्या नावावरच निघतं आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. मोठ्यांचं कार्ड हातात दिलं तर गेटवर पूर्ण भाडं कापलं जातं म्हणून हे काम टाळू नका. शिवाय मुलांचं कार्ड टेकवलं की गेटमधून पिल्लासारखा पियोपियो आवाज येतो, त्यासाठी तरी मुलं हौसेने पुढे पळतात!

बाबागाडी असेल तर निघायच्या आधी ट्रेनच्या ॲपमध्ये बघून ठेवा की लिफ्ट कुठल्या एक्झिटला आहे, कारण मोठ्या स्टेशनला एक्झिट ढीगभर असतात आणि लिफ्ट त्यातल्या एखाद-दुसऱ्यालाच. मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर बोर्ड असतो, पुढच्या स्टेशनला कितव्या डब्यासमोर लिफ्ट येते ते त्यावर दिसतं, तिथेच उभं राहायचं म्हणजे उतरल्यावर गर्दीतून गाडी ढकलत जावं लागत नाही. सुट्टी काढून वर्किंग डेला जात असाल तर सकाळी साडेनऊच्या आत ट्रेनमध्ये चढू नका, खरंच नको.

पहिल्या आउटिंगला मी कोणालाही कासाई रिंकाई पार्कच सांगते. केइयो लाइनच्या स्टेशनमधून बाहेर पडलं की समोर पार्क, पार्कला तिकीट नाही, धावायला भरपूर हिरवळ, समुद्र, ११७ मीटर उंच पाळणा, आणि मत्स्यालय मोठ्यांना ७०० येन पण प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना फुकट. तिथे मोठ्या टँकमध्ये ट्यूना गोल गोल फिरत असतात, मुलं काचेला नाक लावून बसतात ती हलत नाहीत, तेवढ्यात आपलाही श्वास जागेवर येतो. मत्स्यालय बुधवारी बंद असतं. उएनोचं झू आणि शिंजुकु ग्योएन ही मोठी बाग सोमवारी बंद, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ते उघडं ठेवून मंगळवारी बंद करतात, ह्यात नवीन लोक हमखास फसतात. निशीकासाईला राहणाऱ्यांना तर ग्योसेन पार्कचं छोटं प्राणीसंग्रहालय चालत जाण्यासारखं आहे, फुकट आहे, लहानग्यांना तिथली शेळ्या-बकरी आणि गिनीपिग पुरतात.

खाणं घरूनच न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, दही वेगळ्या डब्यात, आणि बसायला शंभर येनच्या दुकानातली पिकनिक शीट. शाकाहारी असाल तर कोनबिनीवर, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांवर, अवलंबून राहू नका, साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, चिप्समध्ये, कधी ओनिगिरीत म्हणजे भाताच्या गोळ्यांतसुद्धा माशाचा अर्क असतो. पाकिटावरची ॲलर्जीची चौकट बघून निश्चिंत होऊ नका, अंडं, दूध, गहू, शेंगदाणे तिथे लिहावेच लागतात पण मासा आणि मांस लिहिण्याची सक्ती नाही. म्हणून फोनच्या कॅमेऱ्याने पूर्ण घटकांची यादी वाचायची आणि कात्सुओ (बोनिटो मासा), ग्योकाई (मासे-शिंपले), बुता (डुक्कर), राडो (डुकराची चरबी), झेराचिन (जिलेटिन) ह्यातलं काही दिसलं की पाकीट परत ठेवायचं.

कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळपास नसतातच, सगळा कचरा घरी आणायचा असतो, डायपरसुद्धा, तेव्हा घट्ट बंद होणाऱ्या दोन-तीन पिशव्या सोबत हव्यात. उन्हाळ्यात पार्कांमध्ये जाबुजाबु इके म्हणजे पाण्यात खेळायची उथळ तळी सुरू होतात, मुलांची चैनच असते, पण डायपर घालणाऱ्या बाळांना बऱ्याच ठिकाणी पाण्यात सोडत नाहीत, गेटवरची पाटी आधी वाचा म्हणजे तिथे जाऊन रडारड नको. गोल्डन वीकमध्ये (एप्रिल-मेच्या सलग सुट्ट्या) आणि ओबोनला (ऑगस्टमधला पितरांचा सण) सगळीकडे गर्दी असते, तेव्हा लांबचा बेत नको, आपलं जवळचं पार्क बरं.

निघताना मोठ्यांनी झाइर्यू कार्ड (परदेशी लोकांचं रहिवासी ओळखपत्र) घ्यायचंच, सोळा वर्षांवरच्यांना ते जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. मुलांचं इन्शुरन्ससाठीचं मायनंबर कार्ड (ते नसेल तर इन्शुरन्सचं पात्रता प्रमाणपत्र) आणि वॉर्डाने दिलेलं औषधोपचाराचं कार्डही पर्समध्ये असू द्या. वॉर्डाचं कार्ड टोकियोबाहेर चालत नाही, म्हणजे कामाकुराला किंवा चिबाला मूल आजारी पडलं तर आपला हिस्सा तिथे रोख भरावा लागतो, पावती जपून ठेवा, नंतर वॉर्ड ऑफिसात अर्ज केला की ते पैसे परत मिळतात.