एक ड्राइव्ह, दोन लिनक्स संगणक : परवानग्या कशा जुळवाव्यात

ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला, फाइल उघडली, बदल सेव्ह करायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. अशा वेळी वैतागून सगळ्यावर ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देणारी आज्ञा, चालवू नका. त्याने आजच्या फायली कुणालाही खोडता येतात आणि उद्याच्या नव्या फायली पुन्हा अडतातच.

आधी टर्मिनलमध्ये ‘एलएस -एलएन’ (फायलींची सविस्तर यादी) चालवून बघा. तिसऱ्या रकान्यात मालक, चौथ्यात गट, आणि दोन्हीकडे नावं नाहीत, आकडे आहेत. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल प्रणाली) ड्राइव्हवर मालकीचे एवढे आकडेच साठवलेले असतात. उबुंटू किंवा डेबियनवर पहिला वापरकर्ता १०००, पुढचा १००१. लॅपटॉपवर १००० म्हणजे तुम्ही आणि दुसऱ्या संगणकावर १००० म्हणजे तुमची बहीण असेल, तर तिथे तुमच्या फायलींची मालकीण तीच! (एक्सफॅट ड्राइव्हवर मालकी साठवलीच जात नाही, हा लेख त्यासाठी नाही.)

म्हणून दोन्ही संगणकांवर एकाच क्रमांकाचा गट करा : ‘सुडो ग्रुपॲड -जी ५००० शेअर’ (इथे ‘जी’ छोटा). ५००० आधीच वापरात असेल तर दुसरा आकडा घ्या, पण दोन्हीकडे तोच. मग ‘युजरमॉड’ने माणसं गटात घाला. इथे छोटा ‘ए’ आणि मोठा ‘जी’ दोन्ही हवेत. ‘ए’ राहिला तर बाकीच्या गटांतून, अगदी प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या ‘सुडो’ गटामधूनही, नाव जातं. नंतर लॉगआउट करून परत या, त्याशिवाय नवा गट लागू होत नाही.

पुढचं काम ड्राइव्हवरच्या सामायिक फोल्डरवर, एकाच संगणकावरून (खाली ‘-आर’ म्हणजे मोठा ‘आर’, आतल्या सगळ्यासकट) :

१. ‘सीएचजीआरपी -आर’ने फोल्डरचा गट ‘शेअर’ करा.
२. ‘सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स’ द्या. ‘जी+’नंतरचे ‘आर’, ‘डब्ल्यू’ छोटे, शेवटचा ‘एक्स’ मोठा. मग साध्या फायलींना चालवण्याची परवानगी उगाच मिळत नाही.
३. ‘फाइंड’ने फक्त फोल्डर निवडून ‘जी+एस’ लावा. आता आत जन्मणारी प्रत्येक फाइल ‘शेअर’ गटातच येईल.
४. ‘सेटएफएसीएल -आर -डी -एम’ने याच गटाला ‘आरडब्ल्यूएक्स’ द्या, इथेही ‘एक्स’ मोठाच. ही पायरी टाळू नका. एरवी नवी फाइल ‘यूमास्क’प्रमाणे (नव्या फायलींतून कुठल्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा) बनते आणि ०२२ असेल तर गटाला फक्त वाचता येतं.

तरी एखादी फाइल अडलीच, तर ती बहुधा ‘एमव्ही’ने हलवलेली असते. ‘एमव्ही’ जुन्या परवानग्या सोबत आणतं, म्हणून या फोल्डरमध्ये ‘सीपी’ने कॉपी करा, त्या कॉपीवर दुसरी पायरी पुन्हा चालवा (मूळ फाइलवर गटाला लिहिता येत नसेल, तर कॉपीवरही येत नाही) आणि मूळ फाइल नंतर काढा.