हाड जुळत नाहीये? या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात मी फिजिओथेरपी करते. हाड मोडलेल्या पेशंटच्या त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

पहिली, सैल प्लास्टर. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, प्लास्टर ढिलं पडतं. आत दोन बोटं सहज गेली तर ते बदलून घ्या. १ मिमी फटीत तुकडे ०.१ मिमी जरी हलले, तरी तिथल्या कोवळ्या पेशींवर १० टक्के ताण येतो. एवढ्यात कूर्चा (हाडाआधी बनणारी मऊ पेशींची जोडणी) कशीबशी टिकते. पक्कं हाड धरायला ताण २ टक्क्यांच्या आसपास उतरावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की खाज सुटते, मग लोक निंबाची काडी घालतात किंवा कात्रीने प्लास्टरच कापतात. हे करू नका.

हाडवैद्याची मालिश नकोच. बिडी-सिगारेट बंद.

दुसरी चूक उलटी, आणि ती मला जास्त छळते. केळीवाले एक काका, नडगीत रॉड टाकलेला. डॉक्टरांनी वॉकर धरून थोडं थोडं वजन टाकायला सांगितलं होतं. घरच्यांनी तीन महिने खाटेवरून पाय खाली टेकू दिला नाही. एक्सरेत नवीन हाड जेमतेम धुक्यासारखं. "ताई, जपलं तर खरं आम्ही!" काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

दाबाशिवाय हाडाला वाढायचा निरोपच मिळत नाही. १९८५ साली गुडशिप आणि केनराइट या संशोधकांनी मेंढ्यांच्या नडगीवर हेच दाखवलं: रोज १७ मिनिटं हाडाच्या लांबीच्या दिशेने थोडी हालचाल दिली, तर ते पक्कं जखडलेल्या हाडापेक्षा चांगलं जुळलं.

डॉक्टरांना विचारून काकांचा पाय मी त्यांच्याच घरच्या वजनकाट्यावर ठेवला. काटा २० किलोवर आला की थांबायचं. दहा वेळा केलं की पायाला तेवढा भार ओळखीचा होतो. वजनकाट्याची ही पद्धत मी सगळ्यांना शिकवते, किलोचा आकडा मात्र ज्याचा त्याचा. मात्र पाय टेकवून अंगाला पीळ देऊन वळू नका; सरळ दाब चालतो, पीळ नाही. आठवडाभर बरं वाटलं म्हणून वॉकर फेकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

किती वजन, कधीपासून, हे प्रत्येकाच्या फ्रॅक्चरवर ठरतं. शेजाऱ्याचं बघून ठरवू नका.

प्लास्टरमधली बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.