नळाला जोर नसेल तर: प्लंबरला बोलावण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी गच्चीची किल्ली मिळवा. पाना, टेफ्लॉन टेप, बॅटरी हे सगळं नंतर. किल्ली सेक्रेटरींकडे असते, ते सकाळी कामावर गेले की दिवस फुकट, म्हणून आदल्या रात्रीच मागून ठेवा. मागच्या खेपेला गच्चीवर न जाताच मी बाथरूमची टाइल फोडायला लावली. पाइप आतून स्वच्छ निघाला. टाकी धुणाऱ्यांनी वरचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडून ठेवला होता.

मग घरातला प्रत्येक नळ एकेकटा सोडून बघा, गार वेगळा, गरम वेगळा. एकाच नळाची धार करंगळीएवढी असेल तर दोष त्या नळातच. सगळ्या घरात फक्त गरम पाणी बारीक येत असेल तर गिझरकडे बघा. एका बाथरूमचे सगळे नळ मंद असतील तर तिथे वरून येणारी लाइन, म्हणजे पुन्हा गच्ची. दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा, नाहीतर दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही यावर घरात नुसता वाद होतो.

शेजाऱ्यांना विचारा, पण समोरच्या फ्लॅटमध्ये नको. टाकीतून येणारी लाइन उभी उतरते, तुमच्या बाथरूमची लाइन वरच्या आणि खालच्या बाथरूमची असते. त्यांनाच विचारा. त्यांचंही पाणी मंद असेल तर घरातलं काहीही उघडू नका, फोडू तर अजिबात नका. गच्चीवर जा.

शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा दाब. टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर जेमतेम त्याचा तिसरा हिस्सा. तेवढ्यावर हॉटेलसारखा शॉवर चालणार नाही, तो बिघाड नव्हे. मात्र आधी जोर होता आणि आता गेला असेल तर हा हिशेब सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता गच्ची. टाकीच्या बुडाशी प्रत्येक लाइनीला वेगळा व्हॉल्व्ह असतो, तुमचा कोणता ते आधी ठरवा. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपाच्या रेषेतच हवी, थोडी तिरकी असली तरी धार कमी होते. चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह फसवतो. चाक गरगर फिरतं, पण आतली चकती दांड्यापासून सुटून खालीच अडकलेली असते. पूर्ण बंद करून, पूर्ण उघडून, खाली घरात कुणाला तरी नळापाशी उभं करून फोनवर विचारा. घट्ट बसला असेल तर पाना लावून जोर करू नका. पितळी दांडा तुटला तर सगळ्या उभ्या लाइनीचं पाणी बंद पडतं आणि शेजारी तुमच्या दारात येतात.

व्हॉल्व्हच्या पुढे एक उघड्या तोंडाचा पाइप टाकीच्या वर गेलेला दिसेल. तो हवेचा. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि तोंड बुजतं. मग टाकी रिकामी होऊन भरली की लाइनीत हवा अडकते, नळ फुरफुरतात. माती काढा, सगळ्यात खालचा नळ पूर्ण सोडून ठेवा. टाकी नुकतीच धुतली असेल तर व्हॉल्व्ह आणि हा पाइप दोन्ही बघितल्याशिवाय खाली उतरू नका.

एवढं करूनही फरक नसेल तर घरात या. नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, बोअरच्या पाण्याने त्यात क्षार बसतात. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद-चालू करणारी भिंतीतली छोटी तोटी, पूर्ण उघडा. गिझरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. जुनी इमारत, जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप आणि सकाळचं पहिलं पाणी तांबूस असेल तर आत गंज चढलाय, पाइप बदलावाच लागेल.

प्रेशर पंप अगदी शेवटी, आणि तोही टाकीनंतरच्या लाइनवर. महापालिकेच्या जोडणीला थेट मोटर लावू नका: मनाई आहेच, शिवाय ओढीने गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी लाइनीत येतं.