रेसिडेन्सींचे वर्ष आखताना: गोव्यातील चित्रकारांसाठी

रेसिडेन्सी म्हणजे एखाद्या संस्थेने कलाकाराला ठरावीक मुदतीसाठी दिलेली राहण्याची आणि काम करण्याची जागा. अशा रेसिडेन्सी करत, एका देशातील स्टुडिओतून दुसऱ्या देशातील स्टुडिओत जात वर्षभर काम करण्याची इच्छा आता गोव्यातील बरेच तरुण चित्रकार बोलून दाखवतात, आणि पणजीतील आल्तिनोवरील कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली भेटली की पहिला प्रश्न निवड कशी होते हाच असतो. माझ्या अनुभवाने सांगते, निवड होणे हा या प्रवासातील सर्वांत अवघड भाग नाही. अवघड असतात ते दोन रेसिडेन्सींच्या मधले दिवस. एका संस्थेची खोली ३० एप्रिलला सोडायची आणि दुसरीची १ जूनला मिळणार, अशा वेळी मधल्या ३१ दिवसांत राहायचे कुठे, अर्धवट वाळलेली चित्रे ठेवायची कुठे, त्या काळात पासपोर्ट कोणाच्या ताब्यात असेल आणि जेवणखाण कोणाच्या पैशाने होईल, हे आधी ठरलेले नसेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच सगळी घडी विस्कटते. म्हणून आखणी निमंत्रणांपासून सुरू न करता या मधल्या दिवसांपासून करावी.

त्यासाठी बारा महिन्यांचा एक मोठा कागद भिंतीवर लावावा आणि त्यावर सर्वप्रथम घरचे महिने भरावेत. गोव्यात जून ते सप्टेंबर कागद सादळतो, कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशी धरते आणि तैलरंग वाळता वाळत नाहीत. त्यामुळे पावसाळ्याचा पहिला भाग बाहेर काढणे कामाच्या दृष्टीने सोयीचे असते. पण चवथीला घरी असावे, असे मी आग्रहाने सांगेन. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला आपले हात असावेत ही भावना त्यामागे आहेच, शिवाय त्या सुमारास घेतलेली चार-पाच आठवड्यांची विश्रांती पुढच्या व्हिसांचे अर्ज करण्यासाठीही लागते. वर्षभरात तीन रेसिडेन्सी पुरेशा आहेत, चार म्हणजे कमाल मर्यादा. प्रत्येक ठिकाणी सहा ते दहा आठवडे मिळावेत. यापेक्षा कमी मुदतीत नवे गाव, नवा उजेड आणि नवी माणसे यांची ओळख होईपर्यंतच सामान बांधायची वेळ येते.

संस्था निवडताना नावापेक्षा तिचा आराखडा पाहावा. ॲमस्टरडॅमची राइक्सअकादमी कितीही नावाजलेली असली तरी तिचा कार्यक्रम दोन वर्षांचा असल्यामुळे ती अशा वर्षात बसत नाही. अमेरिकेतील मेन राज्यात १९४६ पासून चालणारे स्कोहीगन हे चित्र-शिल्प विद्यालय उन्हाळ्यातील नऊ आठवड्यांचे असते आणि तिथे सहकाऱ्यांचा सहवास हाच मुख्य लाभ असतो; उलट न्यू हॅम्पशायरमध्ये १९०७ मध्ये सुरू झालेल्या मॅकडॉवेलमध्ये एकांतात काम करण्यावर भर असतो. पॅरिसच्या सिते एंतरनासियोनाल देझ आर या १९६५ पासूनच्या संस्थेत तीनशेहून अधिक स्टुडिओ आहेत, म्हणजे ते जवळजवळ कलाकारांचे एक गावच झाले. लंडनमध्ये गॅसवर्क्स आणि डेल्फिना फाउंडेशन आहेत, श्टुटगार्टजवळ अकादमी श्लॉस सोलिट्यूड आहे. दिल्लीतील खोज ही संस्था १९९७ पासून या क्षेत्रात आहे, आणि परदेशी जाण्यापूर्वी एखादी रेसिडेन्सी देशातच करून पाहणे मला फार शहाणपणाचे वाटते. गोव्यातही एचएच आर्ट स्पेसेसमध्ये बाहेरचे कलाकार येऊन राहतात. त्यांच्या खुल्या कार्यक्रमांना गेल्यास यजमानाच्या बाजूने रेसिडेन्सी कशी दिसते ते कळते. शोधासाठी रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या रेसिडेन्सींच्या ऑनलाइन सूची पुरेशा आहेत. प्रवासखर्चासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन आणि प्रो हेल्वेटिया या स्विस कला परिषदेच्या दिल्ली कार्यालयाच्या घोषणांवर लक्ष ठेवावे.

ज्या संस्था कलाकाराकडूनच भाडे घेतात त्यांचा विचार जपून करावा. त्या सगळ्या वाईट असतात असे नाही. परंतु वर्षातून अशी एकच असावी, आणि तीही तिथले एखादे विशिष्ट साधन, म्हणजे लिथोग्राफीचा (दगडी छपाईचा) दगड, मोठी भट्टी किंवा कागद बनवण्याची यंत्रणा, आपल्याला खरोखर हवी असेल तरच.

अर्जात दहा ते वीस प्रतिमा, कामाविषयीचे निवेदन, प्रस्ताव आणि दोन शिफारसी एवढेच बहुधा मागतात. प्रस्ताव लिहिताना आपल्याकडे एक चूक सर्रास होते: जिथे जायचे त्या गावाविषयी चार स्तुतीची वाक्ये घालून बाकीचा मजकूर सगळीकडे तोच पाठवला जातो. निवड करणाऱ्यांना ते एका नजरेत ओळखू येते. मी कावीवर काम करते. पांढऱ्या चुन्याच्या थरावर लाल काव मिसळलेला थर देऊन तो ओला असतानाच कोरायचा आणि खालचा पांढरा वर आणायचा, ही आपल्या देवळांच्या भिंतींवरची पद्धत आहे. माझे पहिले प्रस्ताव कावीच्या परंपरेचे कौतुक करणारे होते आणि ते सगळे परत आले. नंतर मी एकच प्रश्न लिहिला: जिथे चुना थंड हवेत वेगळ्या गतीने घट्ट होतो, तिथे कोरण्यासाठी हाताला किती वेळ मिळेल? या प्रश्नासाठी तिथे जाणे आवश्यक होते, आणि ते वाचणाऱ्यालाही पटले. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै १९५१ मध्ये पॅरिसला गेले आणि दहा वर्षे राहिले. शहर अंगात मुरायला त्यांच्याकडे वेळ होता. आपल्याला दहा आठवडे मिळतात, त्यामुळे प्रश्न घरूनच घेऊन जावा लागतो.

आता व्हिसा. युरोपातील शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, २९ देश आहेत, आणि अल्पकालीन व्हिसावर तिथे कोणत्याही १८० दिवसांच्या काळात एकूण ९० दिवसच राहता येते. देश बदलला तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही. प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा, असे दोन्ही दिवस मोजले जातात. समजा, जर्मनीत १ मार्च ते ३० एप्रिल अशी रेसिडेन्सी केली, तर ६१ दिवस संपले. मे महिना भारतात काढला आणि इटलीत १ ते ३० जून अशी दुसरी घेतली, तर बेरीज ९१ होते. एक दिवस जास्त! अशा वेळी २९ जूनला बाहेर पडावेच लागते, आणि त्यानंतर मार्चचे दिवस हिशेबातून गळू लागतात ते २८ ऑगस्टपासून. म्हणजे जुलै-ऑगस्ट शेंगेनबाहेर काढणे भाग आहे. ब्रिटन, आयर्लंड, सर्बिया, जॉर्जिया हे देश या क्षेत्राबाहेर आहेत. रुमानिया आणि बल्गेरिया मात्र २०२५ पासून पूर्णपणे आत आले आहेत, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून तिथले बेत करू नयेत. एखादी संस्था तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत देत असेल तर त्या देशाचा दीर्घकालीन राष्ट्रीय व्हिसा घ्यावा. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांना हा हिशेब करावा लागत नाही, पण भारतीय नागरिकांसाठीच्या शिष्यवृत्त्या त्यांना मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. या काळात पासपोर्ट वकिलातीकडे अडकतो, म्हणून दोन देशांचे अर्ज एकाच वेळी चालवणे सहसा जमत नाही, आणि अर्ज आपण जिथे कायदेशीररीत्या राहतो तिथूनच करावा लागतो. चवथीच्या सुमारास घरी यावे असे मी म्हटले, त्याचे हे व्यावहारिक कारण. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. नवा पासपोर्ट काढणार असाल तर ३६ ऐवजी ६० पानांचा घ्यावा. संस्थेकडून मानधन मिळणार असेल तर केवळ पर्यटक म्हणून जाऊ नये. कोणत्या प्रकारचा व्हिसा लागेल हे संस्थेकडूनच लेखी घ्यावे. अमेरिकेच्या जे-१ या देवाणघेवाण व्हिसासाठी डीएस-२०१९ हे पत्र आणि जपानमध्ये ९० दिवसांपेक्षा अधिक राहायचे असल्यास पात्रता प्रमाणपत्र तिथून यावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

पैशाच्या बाबतीत निमंत्रणपत्रातील एक शब्द नीट वाचावा: प्रवासखर्च आगाऊ मिळणार आहे की तिकिटे दाखवल्यावर परत मिळणार आहे? बहुतेक ठिकाणी दुसरी रीत असते, म्हणजे सुरुवातीची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. तीन तिकिटांचा आणि मधल्या सर्व दिवसांचा खर्च हाताशी असल्याशिवाय पहिले विमान पकडू नये. मानधनातून त्या देशात कर कापला जाणार असेल तर आपल्या प्राप्तिकर कार्यालयाकडून करनिवासी प्रमाणपत्र, म्हणजे करासाठी आपण भारताचे रहिवासी असल्याचा दाखला, घेता येते का, हे सनदी लेखापालाला निघण्यापूर्वीच विचारावे, कारण १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात आपण किती दिवस भारतात होतो यावर पुष्कळ काही ठरते.

सामानाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे माझे नुकसान झाले आहे. पहिल्या प्रवासात मी घरामागच्या डोंगरीची लाल माती दोन किलो, स्वच्छ चाळून, बरणीत भरून नेली होती. युरोपातील विमानतळावर ती काढून घेण्यात आली. चूक माझीच होती: भारतासारख्या देशांतून माती आणायला युरोपीय संघात बंदी आहे, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर माती, बिया, कच्चे लाकूड, सगळेच जाहीर करावे लागते. आता मी चुना आणि लाल रंगद्रव्य तिथल्याच दुकानातून घेते, आणि घरून फक्त कोरण्याच्या सळया व कंपास नेते. त्या धारदार असल्याने चेक-इन सामानातच ठेवाव्यात. टर्पेंटाइन, वॉर्निश आणि स्प्रेचे डबे विमानात कुठेच चालत नाहीत. ट्यूबमधले तैलरंग नेता येतात, पण उत्पादकाचे सुरक्षा-माहितीपत्रक छापून सोबत ठेवावे. प्रोजेक्टर किंवा महागडा कॅमेरा नेणार असाल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना त्यावर शुल्क मागितले जात नाही.

चित्रे परत आणण्याचा विचार चित्र सुरू करण्यापूर्वी करावा, हे कोणी आधी सांगत नाही. अनेक विमान कंपन्या सामानाच्या लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत धरतात. मी हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची पीव्हीसी पाइप १२० सेंटिमीटर कापून घेते आणि दोन्ही टोकांना टोपणे बसवते. बेरीज दीडशेच्या आसपास राहते. त्यामुळे माझ्या कॅनव्हासची रुंदी ११० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसते, लांबी हवी तेवढी घेता येते. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. मध्ये ग्लासीन हा गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा कागद घालावा, आणि तैलरंगाचे जाड थर असलेले चित्र पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळूच नये. वाळायला महिने लागतात, म्हणून प्रवासाच्या वर्षात ॲक्रिलिक, टेम्परा किंवा कागदावरचे काम अधिक सोयीचे. लाकडी खोक्यातून पाठवायचे झाल्यास खोक्यावर लाकडातील कीड मारण्यासाठी उष्णता-प्रक्रिया केल्याचा आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, नाहीतर ते बंदरातच अडकते.

तिथे पोचल्यावर पहिला आठवडा काहीही पूर्ण करण्याचा प्रयत्न करू नये. उजेड पाहावा, साहित्याची दुकाने शोधावीत, स्टुडिओ साफ करणाऱ्या माणसापासून क्युरेटरपर्यंत सर्वांशी बोलावे. अखेरच्या ओपन स्टुडिओत, म्हणजे लोकांना स्टुडिओ खुला करण्याच्या दिवशी, अर्धवट काम दाखवायला संकोच वाटतो, पण लोक खरे प्रश्न विचारतात ते अर्धवट कामापुढेच.

आणि घर. आपण नसताना जुनी चित्रे कशी राहतील, याची व्यवस्था मे महिन्यातच करावी. भिंतीला टेकवलेली चित्रे काढून भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर उभी ठेवावीत. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नयेत, आत दमट हवा कोंडते. सुती कापडाने झाकावीत. कागदावरची कामे झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. शेजारच्या काकींकडे किल्ली द्यावी आणि पाऊस उघडेल त्या दिवशी तासभर खिडक्या उघडायला सांगावे. परतल्यावर पाइपातील गुंडाळी लगेच सरळ करू नये. एक दिवस खोलीच्या हवेत तशीच राहू द्यावी, मग सपाट पृष्ठभागावर हळूहळू उलगडून कडांना वजन ठेवावे, आणि त्याच वेळी घरातल्या चित्रांच्या मागच्या बाजू विजेरीने तिरकस उजेड टाकून तपासाव्यात. बुरशीचा पांढरट ठिपका दिसला तर ते चित्र इतरांपासून वेगळे करावे, कोरडे होऊ द्यावे आणि मगच मऊ कुंचल्याने, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर नेऊन झटकावे.