पाळी चुकल्यावरचे पहिले आठवडे
पाळी चुकून आठवडा झाला की सकाळच्या पहिल्या लघवीवर घरीच गरोदरपणाची टेस्ट करा. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे तोवर साधारण ५ आठवडे झालेले असतात. मग मळमळ. आपल्या नाशिककरांना मिसळ जीव की प्राण, पण या दिवसांत तर्रीच्या नुसत्या वासानंही ढवळून येतं. उशाशी कुरमुऱ्यांचा डबा ठेवा. अंथरुणातच बसून मूठभर खा आणि दहा मिनिटांनी सावकाश उठा. बहुतेकींना तिसरा महिना सरताना बरं वाटू लागतं.

फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा. १२ आठवड्यांच्या आत दवाखान्यात गरोदरपणाची नाव-नोंदणी करा. रक्त दिसलं, ओटीपोटात जोरात दुखलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर बाई गं, अंगावर काढू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.