टेन्सचे चिकट पॅड लगेच फेकू नका: परत कसे वापरायचे आणि शेवटी टाकायचे कुठे

घरात कुणाला गुडघेदुखी, कंबरदुखी असली की फिजिओ बऱ्याचदा एक छोटं मशीन घ्यायला सांगतात. टेन्स म्हणतात त्याला, कातडीवरून हलका विजेचा करंट देऊन दुखणं कमी करायचं मशीन. त्यातून वायरी निघतात आणि त्यांच्या टोकाला ते चौकोनी चिकट पॅड. मशीन बिचारं वर्षानुवर्षं चालतं, पण पॅड थोड्याच दिवसांत चिकटेनासे होतात, मग नवीन पाकीट आणायचं आणि जुने औषधाच्या ड्रॉवरमध्ये साठत राहतात, कारण ते ओल्यात टाकायचे की सुक्यात हे घरातल्या कुणालाच ठरवता येत नाही. आईच्या गुडघ्यामुळे आमच्याकडेही तसाच ढीग झाला होता, तेव्हा एक पॅड उघडून बघितला, आणि लक्षात आलं की बहुतेक वेळा खराब होतं ते फक्त जेल, बाकी पॅड ठणठणीत असतो.

आधी बघा पॅडमध्ये असतं काय

वरचा थर कापडाचा किंवा फोमचा. त्याच्या खाली काळी पातळ फिल्म, म्हणजे कार्बन मिसळलेलं प्लास्टिक, महागड्या पॅडमध्ये त्यावर चांदीचा पातळ थर असतो. वायरचं टोक या फिल्मला टेकलेलं असतं, ती करंट सगळीकडे सारखा पसरवते. आणि सगळ्यात खाली, कातडीला लागतं ते हायड्रोजेल. जेलमध्ये पाणी, थोडे क्षार आणि ते धरून ठेवणारं पॉलिमर. पाणी उडालं की जेल चिकटत नाही आणि करंटही नीट वाहून नेत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

हे सगळे थर एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात म्हणून भंगारवाला हे घेत नाही, वितळवून नवीन प्लास्टिक करणाऱ्याच्याही हे कामाचं नाही. म्हणजे घरच्या घरी पॅडचं रिसायकलिंग करायचं तर आधी त्याचं आयुष्य वाढवायचं, मग जेल बदलायचं, आणि अगदी शेवटी सोडवता येईल ते सोडवून बाकीचं नीट टाकायचं. याच क्रमाने जाऊ.

कुठल्या पॅडला हात लावायचा नाही

हॉस्पिटलमध्ये छातीला लावतात ते गोल, मध्ये धातूचं बटण असलेले ईसीजीचे पॅड एकदाच वापरायचे असतात. डिस्चार्जनंतर कधीकधी अंगावर चिकटून घरी येतात, ते धुऊन दुसऱ्याला लावायचे नाहीत. रक्त किंवा जखमेचं पाणी लागलेला पॅड असेल तर तो हॉस्पिटलच्याच पिवळ्या पिशवीत जायला हवं, २०१६ चे बायोमेडिकल कचऱ्याचे नियम तेच सांगतात. सोसायटीत किंवा ऑफिसात हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं एईडी मशीन असेल तर त्याचे पॅडही परत वापरायचे नसतात, तारीख उलटली की नवीन मागवा. जुने मात्र सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या) ट्रेनिंगला डमीवर चिकटवायला चालतात, फक्त त्यावर मार्करने मोठ्ठं 'फक्त ट्रेनिंग' लिहा आणि मशीनच्या आसपासही ठेवू नका.

आणि टेन्सचे पॅड एका माणसाचे त्याच माणसाला. आजीचे आजीला, बाबांचे बाबांना. पाकिटावर नाव लिहून टाका, जेल धुऊन निर्जंतुक होत नाही.

पहिली पायरी: जेल वाळू द्यायचं नाही

पॅड लावायच्या आधी ती जागा साबणाने धुवा, नीट पुसून कोरडी करा. आपल्याकडे हीच गोष्ट राहते, सकाळी गुडघ्याला तेल चोळलेलं असतं, नाहीतर बाम लावलेला असतो, आणि त्यावरच पॅड. तेल जेलमध्ये मुरलं की तो पॅड संपला समजा, पाण्याने ते निघत नाही. तेल-बाम लावायचाच असेल तर टेन्स करून झाल्यावर लावा. केस जास्त असतील तर कात्रीने बारीक करा, रेझर नको, नुकत्याच रेझर फिरवलेल्या कातडीला करंट झोंबतो.

काढताना आधी मशीन बंद, मग पॅडचा कोपरा नखाने उचलून हळूहळू सोलायचा. वायर धरून ओढायचं नाही, वायर आणि फिल्मचा जोड तिथेच तुटतो आणि मग जेल कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. काढला की लगेच त्याच्या प्लास्टिकच्या शीटवर चकचकीत बाजूला चिकटवा, शीट झिपलॉक पिशवीत, पिशवी सावलीत. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली बरी, फ्रीझरमध्ये मात्र नको. पाकिटावर बहुतेक वेळा २०-३० वेळा वापरा असं लिहिलेलं असतं, पण ते वापरणाऱ्याच्या हातावर खूप अवलंबून आहे.

दुसरी पायरी: चिकटेना झाला तर पाणी

हात स्वच्छ धुवा, बोट पाण्यात बुडवून जेलवर दोन-तीन थेंब फिरवा, पाच-दहा मिनिटं जेल वर करून तसाच ठेवा, पाणी आत मुरतं आणि चिकटपणा परत येतो. मग शीटवर लावून रात्रभर फ्रीजमध्ये. नळाखाली धरू नका, जेल फुगून लगदा होतो. वर धूळ, मृत कातडी, केस दिसत असतील तर ओल्या बोटाने हलकेच पुसून काढा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नाही, त्याने जेल उलट सुकतं. कडा उचलायला लागल्या पण मध्ये जेल ओलं आहे असं असेल तर वरून मायक्रोपोर टेप (पट्टी बांधताना लावतात ती कागदी चिकटपट्टी) मारा, तेवढ्यावर अजून थोडे दिवस निघतात.

तिसरी पायरी: जुनं जेल काढून नवीन लावणे

ही थोडी खटपटीची पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट. जुन्या फिजिओ क्लिनिकमध्ये काळ्या रबराचे पॅड बघितले असतील, त्यावर जेल फासतात आणि पट्ट्याने बांधतात, वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. आपण आपल्या चिकट पॅडचा तसाच पॅड करायचा.

एका जुन्या टोपात कोमट पाणी घ्या, वायरचं सॉकेट (मशीनची वायर जोडायचं टोक) पाण्याबाहेर राहील असा पॅड त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. जेल फुगून पांढरट होतं, अंगठ्याने ढकललं की निघतं, नाही निघालं तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. ब्लेड, चाकू, घासणी नको, काळी फिल्म ओरखडली की संपलं. आणि हे बेसिनमध्ये करू नका, जेल पाणी पिऊन फुगतं आणि पाइपात जाऊन बसतं, म्हणून टोपातलं पाणी गाळूनच ओता.

पॅड सावलीत वाळला की उजेडात धरून फिल्म नीट बघा. भेग, टक्कल पडलेली जागा, उघडी पडलेली तांब्याची तार, यातलं काहीही दिसलं तर तो बाद. काही स्वस्त पॅडमध्ये फिल्म नावालाच असते, वायरची टोकं विस्कटून जेलखाली दाबलेली असतात, अशा पॅडला नवीन जेल लावून वापरायचं नाही, कारण सगळा करंट त्या तारेजवळच कातडीत शिरतो आणि भाजू शकतं. मल्टिमीटर असेल तर एक टोक सॉकेटमध्ये आणि दुसरं फिल्मवर टेकवा, काहीच रीडिंग नाही आलं म्हणजे वायर आतून तुटलीय.

चांगला निघाला तर मेडिकलमधून ईसीजी जेलची ट्यूब आणा. पूर्ण फिल्मवर, अगदी कडेपर्यंत, पातळ आणि सारखा थर लावा, मध्ये कोरडा ठिपका राहता कामा नये. पॅड जागेवर ठेवून वेल्क्रोचा पट्टा किंवा क्रेप बँडेज बांधा, करकचून नाही, पण सरकणार नाही इतपत. दोन पॅडमध्ये निदान दोन-तीन बोटं अंतर हवं आणि एकाचं जेल ओघळून दुसऱ्याला टेकायला नको, नाहीतर करंट अंगात न जाता जेलमधूनच जातो. मशीन शून्यापासून हळूहळू वाढवा. झाल्यावर ओल्या फडक्याने जेल पुसा, पॅड वाळवून ठेवा. दर वेळी नवीन जेल लागतं हे खरं, पण एक ट्यूब बराच काळ पुरते.

लोक ईसीजी जेलऐवजी कोरफडीचा गर, मिठाचं पाणी, व्हॅसलीन असलं काहीही सुचवतात. व्हॅसलीनमधून करंट जातच नाही, आणि बाकीचे मध्येच सुकतात, मशीन चालू असताना पॅड अर्धा सुकणं हाच तर सगळा धोका आहे.

थांबायचं कधी

करंट एरवी मुंग्या आल्यासारखा सगळ्या पॅडभर जाणवतो. तो एकाच बिंदूवर टोचायला लागला, किंवा नंतर तिथे लाल डाग, पुरळ, खाज राहिली, की तो पॅड त्याच दिवशी बाद करा, पैसे वाचवायची ही जागा नाही. डायबेटिसमुळे पायाला नीट जाणवत नसेल त्यांनी तर जुना पॅड किंवा जेल बदललेला पॅड वापरूच नये, भाजलं तरी कळणार नाही. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेन्सच नको, आणि छाती, गळ्याची पुढची बाजू, जखम यावर पॅड कुणीच लावायचा नाही.

बाद झालेल्या पॅडचं काय

वायर मुळाशी कापून घ्या. आत बहुतेक वेळा तांबं असतं, चार्जरच्या तुटक्या केबलींबरोबर साठवा आणि एकदम ई-कचऱ्यात द्या. सॉकेट शाबूत असेल आणि सोल्डरिंग येत असेल तर मशीनची तुटलेली लीड (मशीनपासून पॅडपर्यंतची वायर) दुरुस्त करायला ते टोक उपयोगी पडतं. झिपलॉक पिशवी आणि प्लास्टिकची शीट पुढच्या पॅडसाठी ठेवा, नवीन पाकिटातली शीट कधीकधी लवकर फाटते.

इंजिनिअरिंगची मुलं हृदयाचे ठोके किंवा स्नायूंचे सिग्नल मोजायचे प्रोजेक्ट करतात, त्यांना बटणवाले न वापरलेले पण तारीख उलटलेले ईसीजी पॅड सराव म्हणून चालतात. फक्त सर्किट बॅटरीवर चालवा, आणि लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून ठेवा.

चांदी काढायच्या फंदात मात्र पडू नका. ॲसिडमध्ये पॅड टाकून चांदी काढायचे व्हिडिओ फिरतात, पण पॅडवरचा थर इतका पातळ असतो की ॲसिडचा खर्चसुद्धा निघणार नाही, आणि नायट्रिक ॲसिडचा धूर फुप्फुसात गेला तर काय होतं ते व्हिडिओवाले दाखवत नाहीत. जाळायचेही नाहीत, फोम-प्लास्टिकचा धूर विषारी असतो.

उरलेला कापड-फोमचा तुकडा आणि खरवडलेलं जेल (जेल आधी पेपरवर उन्हात वाळवा, आकसून एवढंसं होतं) एकत्र पेपरमध्ये गुंडाळा. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक ताई सॅनिटरी पॅडसाठी सांगतात ना, पेपरमध्ये गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, तसंच याचंही करा. अंगाला लावलेली चिकट वस्तू उघडी सुक्या कचऱ्यात टाकली तर ती कुणाला तरी हाताने कागद-प्लास्टिकमधून सोलून काढावी लागते. मशीनच बिघडलं असेल तर सेल काढून वेगळे द्या, मशीन ई-कचऱ्यात.

आणि रोज टेन्स लागतंच असं असेल तर पुढच्या वेळी चिकट पॅडचं पाकीट न घेता काळ्या कार्बन रबराचे पॅड, पट्टा आणि जेलची ट्यूब असा संच फिजिओला विचारून घ्या. साबणाच्या पाण्याने धुतले की झालं. रबरही कालांतराने थकतं, पण चिकट पॅडपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. घेताना जुनी लीड दुकानात घेऊन जा, कारण काही मशीनला पिन असते आणि काहींना बटण, आणि उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.