विंडोज सोडून लिनक्सवर जाताय? आधी जुन्या मराठी फायली सोडवा

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून आमच्या जळगाव-धुळ्याकडे जुना लॅपटॉप काखेत मारून "याचं काय करू?" विचारणारे वाढलेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. गुरुजींनी किंवा पतसंस्थेने २०१५ च्या आसपास घेतलेलं मशीन त्यात बसत नाही. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. मी विचारतो, चार जीबी रॅम आहे ना? मग एक एसएसडी टाका आणि लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) बसवा. ब्राउझर, पत्रव्यवहार, एक्सेलच्या याद्या, व्हिडिओ एवढंच काम असेल तर मशीन अजून बरीच वर्षं साथ देईल.

हिशोब टॅलीवर असेल तर विंडोज काढू नका. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, ते लिनक्सवर कसंबसं पळवायच्या युक्त्या मार्चअखेरीला दगा देतात. बोटांचे ठसे घेणाऱ्या मशीनवर ज्यांचं पोट आहे, त्या सेवा केंद्रवाल्यांनीही या फंदात पडू नये. फारच हौस असेल तर दोन्ही सिस्टिम शेजारी-शेजारी ठेवा.

बॅकअप घ्या हे सांगायला नको. फक्त ज्या पेनड्राइव्हवर मिंट टाकणार, त्याच पेनड्राइव्हवर बॅकअप ठेवू नका. तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. हसू नका, असे लोक आहेत. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

विंडोज पुसायच्या आधीचं काम

इंटरनेटवर जो तो सांगतो, "जुने मराठी फॉन्ट लिनक्समध्ये कॉपी करा, झालं." झालं नाही, भाऊ. इथेच घोडं अडतं. आमच्याकडे पतसंस्थेच्या सभासद याद्या, केळीच्या गाड्यांचे हिशोब, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, कानबाईच्या गाण्यांचे संग्रह सगळं वर्षानुवर्षं क्रुतीदेव, शिवाजी, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टमध्ये टाइप झालंय. या फायलींत मुळात मराठी अक्षरं नाहीतच. आत इंग्रजी अक्षरं आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठी आकार चढवतो. क्रुतीदेवमध्ये 'मराठी' म्हणजे आत ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट गेला की उरतो तो इंग्रजी कचरा. मग आबांचा फोन येतो, "हाई काय व्हयनं?" (हे काय झालं?)

फॉन्ट आणून बसवला तर फाइल दिसेल, हे खरं. पण काम करायला बसा. लिबरऑफिस (मिंटमधलं वर्ड-एक्सेल) वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतं. क्रुतीदेवमध्ये लहान जे म्हणजे 'र' आणि मोठा जे म्हणजे 'श्र'. तुम्ही ओळीच्या सुरुवातीला 'रामदास' टाइप करता आणि कागदावर 'श्रामदास' उमटतो. 'शहर'मधला 'श' अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर बसलेला असतो. लिबरऑफिसने त्या चिन्हाला बाक दिला की 'श' गायब. म्हणून अशा फाइलला हात लावण्याआधी ऑटोकरेक्ट बंद करा. शोधा म्हटलं तर 'पाटील' सापडत नाही, कारण फाइलीत पाटील नाहीतच. म्हणून फॉन्ट कॉपी करणं ही मलमपट्टी आहे. फॉन्ट सोबत न्या जरूर, पण त्याच्यावर विसंबू नका.

मी करतो ते असं. विंडोज जिवंत असतानाच महत्त्वाची प्रत्येक जुनी फाइल उघडायची आणि तिची पीडीएफ काढायची. पीडीएफमध्ये फॉन्ट आत जातो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. दहा वर्षांपूर्वीच्या ठरावाचं, छापून झालेल्या पत्रिकेचं काम एवढ्यावर भागतं. ज्या फाइलीत पुढेही बदल करायचे आहेत, तेवढ्याच युनिकोडमध्ये (यात फाइलीत खरी मराठी अक्षरं साठतात) न्यायच्या. सगळं कपाट बदलायला बसलात तर कंटाळून अर्ध्यात सोडाल.

बदलताना आधी मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टचं नाव वाचा. प्रत्येक फॉन्टकुळीची मांडणी वेगळी, त्यामुळे क्रुतीदेवच्या कन्व्हर्टरमध्ये (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) शिवाजीचा मजकूर टाकला तर कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. सभासदांचे खाते नंबर, मोबाइल असलेली यादी कुठल्याही अनोळखी साइटवर चिकटवू नका. क्रुतीदेवचे बरेच कन्व्हर्टर म्हणजे एकच वेबपेज असतं. ते पेज सेव्ह करा, नेट बंद करा, तरीही चालतंय का बघा. चाललं तर तेच वापरा.

पूर्ण पान उचलून कन्व्हर्टरमध्ये ओतू नका, हे माझं ठाम मत. मधे कुठे ईमेल पत्ता, आयएफएससी कोड, औषधाचं इंग्रजी नाव असतं. कन्व्हर्टरला सगळं सारखंच, तो आयएफएससी कोडचंही अगम्य मराठी करून ठेवतो. मराठी परिच्छेद तेवढे उचला, एक्सेलमध्ये असेल तर एकेक रकाना.

आता तपासणी. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफार याच्या उलट. कन्व्हर्टर इथे अडखळतात, विशेषतः जोडाक्षरांवर. 'कार्यकारिणी', 'विश्वस्त', 'स्त्रिया', 'वर्षे' हे शब्द शोधून डोळ्यांनी बघा. आणि मराठीचा खास त्रास म्हणजे 'शेतकऱ्या'तला आडवा अर्धा र. यातले बरेच कन्व्हर्टर हिंदीसाठी बनलेत, ते 'शेतकऱ्यांनी'चं सरळ 'शेतकर्यांनी' करतात. रावेर-यावलकडच्या यादीत हा शब्द पानोपानी असतो. कोणी सांगेल, 'र्या' शोधून सगळीकडे 'ऱ्या' करून टाका. अजिबात करू नका! 'कार्यालय', 'पर्याय' यांची वाट लागेलच, शिवाय पतसंस्थेच्या नावाशेवटी 'मर्यादित' असतं, त्याचं 'मऱ्यादित' होऊन लेटरहेडवर जाईल. 'कर्या'च्या जागी 'कऱ्या' असं शोधा आणि एकेक बघत बदला. बाकीचे हाताने.

यादी अकारविल्हे लावलेली असेल तर युनिकोडमध्ये आल्यावर पुन्हा लावा. क्रुतीदेवमध्ये 'पाटील' आयने सुरू होतो आणि 'चौधरी' पीने, म्हणून जुन्या यादीत पाटील आधी आणि चौधरी मागे असायचे. आता चौधरी पुढे येतील. यादीतला अनुक्रमांक आणि रजिस्टरमधला पान क्रमांक जुळेना म्हणून लोक कॉम्प्युटरला शिव्या देतात. सभासद क्रमांकाचा रकाना वेगळा ठेवा, भांडणच मिटतं.

बसवणं

हे सोपं आहे. मिंटची आयएसओ फाइल (सगळी सिस्टिम एका फाइलीत) उतरवा, रुफस या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर टाका, मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा (डेलला एफ १२, एचपीला एफ ९). आधी न बसवता नुसतं चालवून बघता येतं. वायफाय, आवाज आणि प्रिंटर तिथेच तपासा. मग इन्स्टॉल.

दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेली असते, आणि लिनक्समधून विंडोजचं ड्राइव्ह उघडलं तर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. लोक डिस्क खराब झाली म्हणून दुकानात धावतात. विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर तेही बिघडलेलं नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) timedatectl set-local-rtc 1 ही आज्ञा दिली की मिटलं.

मराठी टायपिंग

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउटमधून मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी) जोडा. जुन्या टाइपरायटर पद्धतीचा हात असेल तर आयबसमध्ये (टायपिंगची पद्धत बदलणारी लिनक्समधली सोय) एम१७एन (अनेक भाषांच्या कळमांडण्यांचा संच) टाकून मराठी रेमिंग्टन निवडा, नव्याने शिकायची गरज नाही. ज्यांचा हात कुठेच बसलेला नाही त्यांनी मात्र सरळ इनस्क्रिप्ट शिकावं. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायची सवय लागली की 'ळ' आणि 'ण' शोधण्यात दिवस जातो. इनस्क्रिप्टमध्ये 'ळ' म्हणजे शिफ्ट आणि एन. आणि तो आडवा र हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ. 'ऱ्य' तयार.

लिबरऑफिसच्या भाषा सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. युनिकोड मराठीचा फॉन्ट तिथे ठरतो. जुन्या फॉन्टचा मजकूर मात्र पाश्चात्त्य फॉन्टच्या खात्यात जातो. एकाच फाइलीत दोन्ही प्रकार असतील तर फॉन्ट बदलूनही अर्धा मजकूर तसाच राहतो, त्याचं कारण हेच. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी वापरा, दोन्ही मोफत आहेत.

नवी एसएसडी टाकली असेल तर जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. नाव लिहून कपाटात ठेवा. ऑडिटच्या वेळी कोणाला तरी अशी एक फाइल लागतेच, जी कोणाच्याच यादीत नव्हती.